हो, आधी क्लचच शिकवतो

नमस्कार ताई,

आमच्या नागपूरच्या ड्रायव्हिंग स्कूलला एक स्टार दिला, ठीक आहे, तो तुमचा हक्क. पण तुमचा रिव्ह्यू वाचून नवीन ॲडमिशनवाले फोनवर विचारून राहिले की तुमच्याकडे गाडी चालवू देतात की नाही, म्हणून उत्तर इथेच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सुरुवातीचे दिवस बेसा भागातल्या रिकाम्या लेआउटमध्ये नुसता क्लच सोडायला लावला, रेसला (ॲक्सिलरेटरला) पाय लावू दिला नाही. सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी पुन्हापुन्हा बंद पडली, मागचे हॉर्न वाजवत होते आणि सर शांत बसून होते. शिवाय आजकाल सगळे ऑटोमॅटिक घेतात तर हा गेअरचा त्रास कशाला. आणि शेवटी, उरलेले पैसे परत द्या.

रेस दिली नाही हे खरं आहे. सुरुवातीच्या दिवसांत कोणालाच देत नाही, आणि हे पुढेही बदलणार नाही. इंजिन सुरू असतं तेव्हा ते फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. दोघांच्या मधे क्लच प्लेट. पेडल दाबलं की प्लेट सुटते, पूर्ण सोडलं की घट्ट बसते, आणि मधे एक जागा येते जिथे ती घासत घासत पकडायला लागते. ही जागा प्रत्येक गाडीत थोडी वरखाली असते, त्यामुळे बोट दाखवून सांगता येत नाही. टाच खाली टेकवून पेडल सावकाश वर येऊ द्या : आधी इंजिनाचा आवाज जरासा बसतो, मग स्टीअरिंगला बारीक थरथर येते, मग गाडी सरकते. सपाट जागेवर पेट्रोल गाडी पहिल्या गेअरमध्ये रेस न देताही चालायला लागते, म्हणून तर लेआउटमध्ये नेतो. हे तुम्हाला जमलं होतं. शेवटी शेवटी तर तुम्ही पायाकडे न बघता गाडी उचलत होतात, सरांनी मला त्याच दिवशी सांगितलं.

आधी रेस शिकवली तर माणूस भीतीने रेस जास्त देतो आणि क्लच अर्ध्यावर धरून ठेवतो. गाडी चालते, झटका बसत नाही, त्याला वाटतं आपल्याला आलं. मग घरच्या गाडीतही तेच. सीताबर्डीच्या गर्दीत अख्खा वेळ हाफ क्लच, आणि एक दिवस जळका वास. प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे प्लेटबरोबर मजुरीही अंगावर येते. असे शिकून आलेले लोक आमच्याकडे परत शिकायला येतात, आणि त्यांची सवय मोडणं हे नवशिक्याला शिकवण्यापेक्षा अवघड जातं.

आता चढ. सर शांत होते कारण त्यांचा पाय ब्रेकवर होता. शिकवायच्या गाडीला दुहेरी कंट्रोल असावाच लागतो, तो नियम आहे. गाडी बंद पडली, पण मागे सरकली का? नाही. बंद का पडली तेही सांगतो : हॉर्न ऐकला की तुमचा डावा पाय एकदम सुटतो. नागपुरात सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागचा हॉर्न वाजवतो बाप्पा, व्हरायटी चौकात उभं राहून बघा. त्याची सवय शेजारी कोणी बसलेलं असतानाच झालेली बरी. चढावर हँडब्रेक ओढायचा, पहिला गेअर, क्लच आवाज बसेपर्यंत वर, आता थोडी रेस, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडायचा. इथे रेस लागते आणि इथेच आम्ही ती देतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये टेस्टला काय काय तपासायचं त्याची यादी आहे, त्यात चढावर थांबून मागे न सरकता गाडी उचलणं आहे. ते टाळून पास करून देतो म्हणणारे शहरात भेटतील, आमच्याकडे नाही.

ऑटोमॅटिकबद्दल माझी काही तक्रार नाही. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी (क्लच-गेअर आपोआप सांभाळणारी) आली तेव्हापासून स्वस्त गाड्यांतही ती सोय मिळायला लागली, आणि कारचं लायसन्स दोन्हींना एकच चालतं. फक्त ॲडमिशनच्या वेळी घरची गाडी गेअरची आहे असं तुम्हीच सांगितलं होतं. आमच्याकडे ऑटोमॅटिक नाही. तीच शिकायची असेल तर जिथे आहे तिथे जा, राग नाही.

पैशांचं पावतीवर लिहिलं आहे तसंच : झालेल्या तासांचे परत होत नाहीत, उरलेल्यांचे होतात. पावती घेऊन संध्याकाळी सहानंतर ऑफिसला या, मी असतो. कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिका, पण नियमाने कमीत कमी २१ दिवस आणि गाडीवर १० तास झाले पाहिजेत, आणि तुमचं लर्निंग लायसन्स सहा महिनेच चालतं, ती तारीख बघून ठेवा.

आणि शिकायचंच असेल तर सकाळी साडेसहाच्या बॅचमधली तुमची जागा शनिवारपर्यंत तशीच ठेवतो. उन्हाळ्यात तीच बॅच सगळ्यांना पाहिजे असते, त्यामुळे रविवारी मी ती दुसऱ्याला देईन.