सिलेक्ट ऑल करणाऱ्याच्या तोंडार शिरा पडो

रात्रीचे ११.४७. सबमिशन १२ ला. पाच जणांचा मिळून २००० शब्दांचा लेख, विषय कातळशिल्पं, म्हणजे कोकणातल्या उघड्या खडकावर कोरलेली चित्रं. आणि आमच्यातल्या एका महाभागाने चार दिवसांपूर्वी मोबाईलवर उतरवलेली वर्डची प्रत उघडली, त्यात स्वतःचा परिच्छेद सुधारला, मग सगळ्यांच्या सामाईक गूगल डॉकमध्ये येऊन सिलेक्ट ऑल, पेस्ट. वर ग्रुपवर मेसेज, "माझा पार्ट अपडेट केलाय, बघून घ्या."

काय बघून घ्या, मेल्या? कमेंट शब्दांना चिकटलेल्या असतात. शब्द गेले की समासातल्या कमेंटही गेल्या. सजेशन मोडमधल्या हिरव्या-निळ्या दुरुस्त्या, कुणी मान्य केलेल्या, कुणी अजून भांडत असलेल्या, सगळ्या साफ. चार दिवसांचा लेख पुन्हा चार दिवस मागे. तेवढ्यात दुसऱ्याने घाबरून व्हर्जन हिस्टरी उघडली आणि सरळ जुनी आवृत्ती रिस्टोअर केली. रिस्टोअर म्हणजे अख्खा दस्तऐवज मागे जातो, एक परिच्छेद नाही. मधल्या पाच मिनिटांत तिसरीने जो शेवट नव्याने टाईप केला होता तोही गायब. अशा वेळी जुन्या आवृत्तीची वेगळी प्रत काढायची, हवा तेवढा मजकूर तिथून उचलायचा आणि चालू फाईलला हात लावायचा नाही. हिस्टरीतून काही कायमचं जात नाही हे मलाही माहीत आहे, पण १२ ला आठ मिनिटं असताना खणत कोण बसणार? कातळशिल्पांवरची माती काढणाऱ्यांना निदान सबमिशनची वेळ नसते.

खरी थोबाडीत बसली ती दुसऱ्या दिवशी. कोणी किती लिहिलं हे हिस्टरीतल्या रंगावरून पाहिलं गेलं. आता त्या रंगाला काय कळतं? मजकूर ज्याने पेस्ट केला, त्याचा रंग. २००० शब्द एका फटक्यात ज्याने ओतले, त्याच्या रंगात अख्खा लेख न्हालेला. सर्वाधिक योगदान कोणाचं? त्याचं. बाकी चौघांचं योगदान म्हणजे इकडे एक स्वल्पविराम, तिकडे एक अनुस्वार. अभिनंदन, भावा. गाव जेवलं आणि वाढपी पाटील झाला.

आता तोंड उघडलंच आहे तर बाकीचंही घ्या. २००० भागिले ५, म्हणजे प्रत्येकी ४००, याला सामूहिक लेखन म्हणतात हे कोणी ठरवलं? ही वाटणी झाली, आंब्याच्या पेट्यांची करतात तशी. पाच तुकडे जोडले तेव्हा तिघांनी सुरुवात केली होती "कोकणाला ७२० किलोमीटरचा विस्तीर्ण समुद्रकिनारा लाभला आहे". तिघांचा मिळून किनारा झाला २१६० किलोमीटर. कातळशिल्पं आहेत सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकावर, जांभ्यात कोरलेली, उघड्या आभाळाखाली. समुद्राचा संबंध काय? पण कोकण म्हटलं की आधी लाटा आपटल्या पाहिजेत, शेवटी "येवा कोकण आपलाच असा" झालं पाहिजे. मध्ये मजकूर असला तर असला.

एकाने त्या उत्तर देणाऱ्या यंत्राला विचारून ४०० शब्द आणले. त्यात कातळशिल्पं "गुहांमधील रंगीत चित्रे" झाली आणि ती "महत्त्वाची भूमिका बजावत" होती. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, कशेळीच्या हत्तीचा आकार जवळजवळ १८ मीटर लांब आहे, आणि आमचे लेखक त्याला गुहेत कोंबतायत. मावेल तरी का?

एकाच लेखात कातळशिल्प, खोदशिल्प, खोदचित्र आणि जिओग्लिफ. वाचणाऱ्याला वाटणार चार वेगळ्या वस्तू आहेत. माप एकीकडे मीटरमध्ये, दुसरीकडे फुटांत. आकडे अर्धे देवनागरी, अर्धे इंग्रजी. आणि तो ऱ्या! "कोरणाऱ्या" एकाने सुट्ट्या ऱ ने टाईप केला, दुसऱ्याने र ला हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. फाइंड-रिप्लेस अर्धे पकडतं, अर्धे सोडतं. ॲ चं तेच, एकसंध अक्षर वेगळं आणि अ वर चंद्र चढवलेलं वेगळं. वर एकीने डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाईप करून आणलं. ते डॉकमध्ये टाकल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ, कारण त्या जुन्या फॉन्टात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं असतं. कन्व्हर्टरमधून काढायचं, आणि काढल्यावर रफार, जोडाक्षरं, अवतरणचिन्हं एकेक करून तपासायची. हे तपासणार कोण? ज्याला नाही म्हणता येत नाही तो. प्रत्येक ग्रुपात असा एक असतोच.

यावर अर्ध्या पानाचा उपाय आहे. कुठली संज्ञा, कुठले आकडे, कुठलं माप, गावांची नावं कशी लिहायची, एवढं पहिल्याच दिवशी कागदावर. २४ तास आधी एकाला सोडून सगळ्यांचा एडिट अॅक्सेस काढायचा आणि कमेंटपुरता ठेवायचा. तुकडा ज्याने लिहिला त्याने तो तपासायचा नाही, पुढच्याने तपासायचा, आणि सांध्यावरची दोन वाक्यं दोघांनी मिळून लिहायची. मग एकाने मोठ्याने वाचायचं. जीभ अडखळते तिथे लेखक बदललेला असतो.

हे सगळं तावातावाने सांगणाऱ्याने तो अर्ध्या पानाचा कागद केला का? नाही. "करतो, करतो" म्हणत सबमिशनची रात्र उजाडली. दुसऱ्यांच्या मजकुरातले "सदर" मात्र मी अकरा ठिकाणी उडवले, तेही सजेशन मोडमध्ये नाही, थेट. विचारायचं कशाला, "सदर" आहे! सदर शिल्प, सदर ठिकाण, सदर अभ्यास. पोलीस पंचनामा आहे की लेख? आणि हो, ७२० किलोमीटरवाल्या तिघांत एक मी होतो. वरचा "ॲ" नि "ॲक्सेस"मधला अॅ मी तरी एकच वापरलाय का, कोणी शोधून बघू नका.

तरी कमेंट म्हणून "छान" लिहिणाऱ्यांना माफी नाही. छान म्हणजे काय? कुठलं वाक्य छान? "दुसऱ्या परिच्छेदात शिल्पांचा काळ सांगितलास पण तो कशावरून ठरवला ते नाही" ही कमेंट. "छान" आणि अंगठा ही हजेरी. त्यापेक्षा उलटी तऱ्हा "रेंज नव्हती"वाल्यांची. पावसात लाईट जाते, रेंजसाठी सड्यावर चढावं लागतं, मान्य. पण स्टेटसला धबधबा टाकायला रेंज येते ती कुठून? डॉक ऑफलाइन ठेवता येतं, घरी बसून लिहिता येतं, सड्यावर गेल्यावर आपोआप चढतं. चार दिवसांपूर्वीची वर्डची प्रत मात्र आपोआप काही करत नाही. ती फक्त पेस्ट होते.

मराठीत हे जमतच नाही असंही नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, पात्रं ठरतात, संवाद रंगमंचावर उभे राहून. समोरच्याने टाकलेलं वाक्य उचलायचं आणि पुढे न्यायचं, रात्रभर. त्यातल्या संकासुर राक्षसाने मध्येच येऊन मागची सगळी रात्र पुसली आणि स्वतःचंच बोलणं पहिल्यापासून सुरू केलं, असं कोणी ऐकलंय?

आज नवीन असाइनमेंट आली. ग्रुप तोच. विषय दशावतार. दहा मिनिटांत ग्रुपवर त्याचा मेसेज, "माझी प्रत मी डाउनलोड करून ठेवलीय."