जुनी पोकळ गिटार उन्हात ठेवू नका!

‘मुंबईच्या हवेत जुनी पोकळ गिटार म्हणजे पैसे पाण्यात’ असा मेसेज दोन आठवडे फिरतोय, खाली चार सल्ले. ऐरोलीतल्या माझ्या भाच्याने ते वाचून आपली जुनी हार्मनी कंपनीची आर्चटॉप (वरची फळी कमानदार असलेली पोकळ गिटार) दुपारभर गॅलरीत उन्हात ठेवली. संध्याकाळी पाठ आणि कड यांच्यामध्ये पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट!

म्हणून उन्हाचंच आधी. ‘पावसाळ्यात फुगलेलं लाकूड उन्हात बसतं, तारा खाली येतात.’ फुगतं हे खरं. जुलैत आपल्याकडे दमटपणा सहज ८० टक्क्यांवर जातो, गिटारीला मानवतो तो ४५ ते ५५. वरची फळी फुगून उचलली जाते, तिच्यासोबत तारांना टेकू देणारा ब्रिज चढतो आणि तारा दाबताना बोटं दुखतात. पण या जुन्या गिटारी बहुतेक सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या गोंदाने, जोडलेल्या असतात आणि सरस उष्णतेने मऊ पडतो. मान सोडवायला दुरुस्ती करणारे मुद्दाम वाफ देतात, ती याचसाठी. गडद पॉलिश तर उन्हात आणखीच तापतं. अहो, तारा खाली आणायला आर्चटॉपच्या ब्रिजलाच दोन्ही टोकांना धातूची छोटी चाकं असतात! तारा जरा सैल करा, चाक अर्धा फेरा फिरवा, पुन्हा सुरात लावा. पाच मिनिटांचं काम.

‘पावसाळाभर सगळ्या तारा काढून ठेवा.’ मुळीच नको. हा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर उभा असतो. तारा काढल्या की तो सरकतो, आणि मग मानेवरच्या बाराव्या फ्रेटवर (धातूच्या आडव्या पट्टीवर) सूर जुळत नाही. तार एकेक करूनच बदलायची.

‘प्लायवुडची असेल तर सरपण.’ गिब्सन कंपनीची १९४९ साली आलेली ईएस-१७५ ही आर्चटॉप थर चिकटवलेल्या मेपलचीच होती. जो पास आणि जिम हॉल या नामांकित गिटारवादकांनी त्याच गिटारीवर जॅझ वाजवलं. उलट थरांची फळी कमी थरथरते, म्हणून अ‍ॅम्पजवळ (आवाज वाढवणाऱ्या स्पीकरजवळ) घुमतही कमी.

‘मान वाकली की संपलं.’ यात थोडं तथ्य आहे, मान्य. स्वस्तातल्या अनेक जुन्या गिटारींच्या मानेत फिरवता येणारा ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ करणारी सळई, नसतो. म्हणून घेतानाच मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघावी, आणि जाड तारा लावू नयेत.

भाच्याची गिटार आता नौपाड्यात माझ्याकडे आहे, तारा सैल करून, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. फट पुन्हा सरसानेच भरायची आहे. फेविकॉल एकदा आत गेला की त्यावर सरस धरत नाही, तेव्हा हात लावू नकोस, असं त्याला बजावून ठेवलंय.