लाल रंग आला म्हणजे स्टेरॉइड सापडलं?

‘सांधेदुखीच्या चूर्णात स्टेरॉइड आहे का, घरीच तपासा. चमचाभर चूर्णावर सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब टाका. लाल झालं तर भेसळ, नाही झालं तर बिनधास्त घ्या.’ असा मेसेज फिरतोय. चूर्णात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी स्टेरॉइड औषधं मिसळणारे महाभाग आहेत, हे खरंच. चाचणीचं मात्र तसं नाही.

मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही. शुद्ध प्रेडनिसोलोन 2 मिलिग्रॅम घेऊन संहत सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवलं, तर 5 मिनिटांत गडद लाल रंग येतो. पण ही तपासणी शुद्ध औषधाची, तिथे प्रश्न एवढाच असतो, की बाटलीत लेबलावरचंच औषध आहे ना? ढीगभर जडीबुटीत काय लपलंय, ते ही चाचणी सांगत नाही. डेक्सामेथासोनचा रंग तर फिकट तांबूस-तपकिरी. तपकिरी चूर्णात तो शोधा!

बरं, लाल झालंच तर? बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला साल्कोव्स्की चाचणी केलेल्यांना आठवत असेल: कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, नळीच्या कडेने ॲसिड सोडायचं. क्लोरोफॉर्मचा थर लालभडक, ॲसिडच्या थरात हिरवट चमक. वनस्पतींमधले स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलचेच भाऊबंद, तेही असेच रंग दाखवतात. सांधेदुखीवर हमखास दिला जाणारा गुग्गुळ घ्या. त्यात गुग्गुलस्टेरोन मुळातच असतं, आणि तेही रचनेने स्टेरॉइडच. म्हणजे भेसळ न करणारा वैद्यच आधी अडकायचा. चूर्णात साखर असेल तर ॲसिडने तिचा सरळ कोळसा होतो, मग कसला रंग नि कसलं काय.

‘रंग नाही म्हणजे शुद्ध’ हे त्याहून वाईट. डेक्सामेथासोनची गोळी 0.5 मिलिग्रॅमचीही मिळते. तेवढं 5 ग्रॅमच्या पुडीत मिसळलं तर दहा हजारात एक भाग. डोळ्यांना काय दिसणार?

‘मग दुसरं केमिकल वापरू’ म्हणणाऱ्यांसाठी: टेट्राझोलियम ब्लू हे रंग बदलणारं रसायन कॉर्टिसोनच्या जातीची स्टेरॉइडं पकडतं, पण व्हिटॅमिन सीलाही फसतं. चूर्णात आवळा असला की संपलं.

साधी पद्धत नाहीच असं नाही. टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) आहे, म्हणजे मिश्रणातले पदार्थ पट्टीवर वेगवेगळ्या उंचीवर सुटे करणं. चूर्णाचा अर्क आणि शेजारी शुद्ध डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, असे ठिपके सिलिकाच्या पट्टीवर ठेवायचे; द्रावक वर चढला की 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली काळे डाग बघायचे. अर्कातला डाग शुद्ध औषधाच्या उंचीवर आला तर संशय पक्का. डेक्सामेथासोन की त्याचं जुळं भावंड बीटामेथासोन, हे मात्र तिथे सहज सुटत नाही. दोघांच्या रेणूंत फरक एका मिथाइल गटाच्या (अणूंच्या छोट्या झुपक्याच्या) दिशेचा. त्यासाठी मोठं यंत्र लागतं. आणि हे सगळं प्रयोगशाळेत, ओट्यावर ॲसिडची बाटली घेऊन नव्हे.

संशय असेल तर पुडी, पाकीट, पावती जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: ते चूर्ण महिनोन्‌महिने घेतलं असेल तर घाबरून एका दिवसात बंद करू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे त्याचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं. आधी डॉक्टरांना पुडी दाखवा.