क्ष शून्य असला तर?

जीआरई ही परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्या गणितात कमीत कमी १३० गुण मिळतात आणि जास्तीत जास्त १७०. म्हणजे परीक्षेला बसून एखाद्या प्रश्नाचं काहीबाही उत्तर ठोकून दिलं, तरी १३० पदरात. इतका दिलदार परीक्षक मला जन्मात भेटला नव्हता. गोम एवढीच, की हे १३० सगळ्यांनाच मिळतात, त्यामुळे विद्यापीठाच्या लेखी त्यांची किंमत शून्य. खरी मारामारी वरच्या चाळिसाची. पहिल्या सराव चाचणीत मला त्या चाळिसातले २२ मिळाले. १५२. मला हवा होता त्या अभ्यासक्रमासाठी एवढ्यावर भागणार नव्हतं, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. हाताशी थोडेच आठवडे, दिवसभराची नोकरी आणि नोकरीतून उरलेला मेंदू.

त्यात लोकांचा एक ठरलेला धीर असतो. "अरे, तू तर इंजिनिअर! तुला गणिताचं कसलं टेन्शन?" या सज्जनांना कोण सांगणार, की मी घोकघोकून पास झालो ते कॅल्क्युलस या परीक्षेत नाहीच. त्रिकोणमितीही नाही. विचारतात काय, तर टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, मूळ संख्या, त्रिकोणाचे कोन, आलेख. जे विसरता यावं म्हणून आपण पुढचं शिकलो, नेमकं तेच. लाप्लास ट्रान्सफॉर्म कोळून प्यायलेला माणूस '१ ही मूळ संख्या आहे का?' या प्रश्नापाशी थबकतो, तेव्हा त्याची पदवी भिंतीवरून खाली बघत असते. (१ मूळ संख्या नसते. २ मात्र असते, आणि सम असूनही असते. असा मान दुसऱ्या कुठल्याच सम संख्येला नाही.)

ज्येष्ठ मंडळींचा त्रास वेगळा. ऑफिसातले एक साहेब म्हणाले, "मला ८००पैकी ७८० होते. तुझे किती?" २०११च्या ऑगस्टआधी ही परीक्षा २०० ते ८०० या मापात होती. त्यामुळे माझे १५२ ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जी करुणा पसरली, ती मी समजू शकतो. नवं माप समजावून सांगितलं, तर म्हणाले, "आणि आता पेपरही छोटा केलाय म्हणे." तेही खरं. पूर्वी पावणेचार तास चालणारी ही परीक्षा सप्टेंबर २०२३पासून दोन तासांच्या आत आटोपते. पण छोटा म्हणजे सोपा नव्हे. गणिताचे दोन भाग: पहिल्यात २१ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २६ मिनिटांत १५. प्रश्नाला साधारण पावणेदोन मिनिटं. मला तर प्रश्नाकडे नीट बघून 'हे काय आहे?' म्हणायलाच एक मिनिट लागायचं.

माझा गुरू मला बहिणीच्या घरी सापडला. भाची, इयत्ता नववी. मी कोपऱ्यात बसून सराव करत होतो आणि ती माझ्या खांद्यावरून डोकावत होती. प्रश्न होता दोन राशींच्या तुलनेचा. या प्रकारात डावीकडे एक राशी, उजवीकडे दुसरी आणि पर्याय कायम तेच चार: डावी मोठी, उजवी मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. डावीकडे होता क्षचा वर्ग, उजवीकडे नुसता क्ष. मी क्षणाचाही विलंब न लावता 'डावी मोठी' दाबलं.

"मामा, क्ष शून्य असला तर?"

"तर... समान."

"आणि अर्धा असला तर?"

अर्ध्याचा वर्ग पाव. "मग उजवी मोठी."

"म्हणजे सांगता येत नाही. सोप्पंय!"

"अगं, पण क्ष म्हटल्यावर माणूस दोन, तीन, पाच असा काहीतरी सभ्य आकडाच धरतो ना!"

"तू धरतोस. प्रश्नात कुठे लिहिलंय?"

मग तिने माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने यादी करून दिली: शून्य, एक, अर्धा, उणे अर्धा, उणे एक आणि एक भलामोठा आकडा. क्ष दिसला की आधी ही सगळी बिऱ्हाडं एकेक करून त्यात राहायला पाठवायची, मगच तोंड उघडायचं. थोड्या वेळात सर्वांत जास्त गुण कशाने वाढले असं कुणी विचारलं, तर मी या पुठ्ठ्याकडे बोट दाखवीन. त्याचे दुष्परिणाम मात्र झाले. साहेबांनी विचारलं, "रिपोर्ट शुक्रवारपर्यंत होईल ना?" माझ्या तोंडून गेलं, "दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही." त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. बहुधा माझ्यात उणे अर्धा घालून बघत असावेत.

पुठ्ठ्याच्या आत होती चुकांची वही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहायचं, अशी शिस्त मी लावून घेतली होती. रकाने तीन: 'येतच नव्हतं', 'वेळ संपला' आणि 'येत होतं, पण नीट वाचलं नाही'. मला वाटलं होतं, पहिला रकाना भरून वाहील आणि मग मी ऐटीत प्रकरणंच्या प्रकरणं नव्याने शिकेन. तो राहिला जवळजवळ कोरा. तिसऱ्याला मात्र पुरवण्या जोडाव्या लागल्या. उदाहरणार्थ, ३क्ष + ५ = २६ असेल, तर २क्ष − १ किती? मी क्ष काढला, ७ आला, आनंद झाला, पर्यायांत ७ होता, तो निवडला. विचारलं होतं २क्ष − १, म्हणजे १३. पण ७ बिचारा तिथे आधीच येऊन माझी वाट बघत बसला होता, त्याला नाही कसं म्हणणार!

या चुकीच्या पर्यायांबद्दल मला परीक्षकांविषयी अपार आदर वाटतो. आपण नेमके कुठे घसरणार, हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं. जाताना ताशी ४० किलोमीटर, येताना ताशी ६०, रस्ता तोच. सरासरी वेग किती? ५० हा पर्याय पायघड्या घालून तयार. खरं उत्तर ४८, कारण हळू जाताना जास्त वेळ जातो. किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्क्यांनी कमी केली, बदल किती? 'काहीच नाही' हा पर्याय इतक्या निरागसपणे बसलेला असतो की त्याला दुखवायला मन होत नाही. (किंमत ४ टक्के उतरलेली असते.) माझ्या स्वभावाचा इतका खोल अभ्यास माझ्या घरच्यांनीही केलेला नाही.

आकृत्या हा त्याच घराण्यातला दुसरा प्रकार. त्रिकोण असा काही रेखीव काढतात, की एक कोन ९० अंशांचा आहे यावर कोर्टात शपथ घ्यावी. आणि सूचनांमध्ये साळसूदपणे छापलेलं असतं, की भूमितीच्या आकृत्या प्रमाणात असतीलच असं नाही. म्हणून मी चाचणीच्या कच्च्या कागदावर तोच त्रिकोण मुद्दाम वेडावाकडा काढायला लागलो. चित्रकलेतली माझी जन्मजात गती प्रथमच कामी आली.

कॅल्क्युलेटरबद्दल थोडंच सांगतो. तो पडद्यावर मिळतो: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ. मिळतो म्हणून वापरावासा वाटतो, हाच त्याचा धोका. ६४चे २५ टक्के काढायला मी माउसने एकेक बटण टिपत होतो, तेव्हा भाची म्हणाली, "मामा, पाव भाग कर ना." तेव्हापासून तो फक्त ओबडधोबड भागाकारांसाठी.

आता खरी मेख. ही परीक्षा तुमच्याकडे बघून पुढचा पेपर ठरवते. गणिताचा पहिला भाग चांगला गेला, तर दुसरा अवघड येतो. पहिल्यात आपटलात, तर दुसरा सोपा. आणि सोप्या भागात कितीही पराक्रम गाजवला, तरी वरच्या गुणांची दारं बंदच. त्यामुळे माणसाची अवस्था विचित्र होते. आयुष्यभर 'देवा, पेपर सोपा येऊ दे' म्हणत आलेल्या जिभेला 'देवा, अवघड येऊ दे' म्हणायची सवय लावावी लागते. सरावात दुसऱ्या भागाचा पहिला प्रश्न चटकन सुटला, की माझ्या छातीत धस्स व्हायचं. सुटला? इतक्यात? म्हणजे मघाशी माती खाल्ली!

परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या पॉवरप्रेप या ऑनलाइन सरावावर दोन चाचण्या फुकट मिळतात. त्यातली दुसरी मी शेवटच्या आठवड्यापर्यंत दातांनी धरून ठेवली होती. तिने आकडा १६०च्या पलीकडे दाखवला आणि वहीतला तिसरा रकाना बऱ्यापैकी ओसरला होता. तेवढ्या भांडवलावर निघालो.

प्रत्यक्ष परीक्षेत आधी अर्ध्या तासाचा निबंध, मग बाकीचं. गणिताच्या पहिल्या भागात मी एकाच प्रश्नाशी कुस्ती खेळत बसलो नाही. अडलं, की खूण करून पुढे. त्याच भागात मागे फिरता येतं आणि चुकल्याचे गुण कापत नाहीत, त्यामुळे रिकामं तर काहीच सोडायचं नाही. शेवटचा प्रश्न पुठ्ठ्यावरच्या यादीने सोडवला आणि वेळ संपली.

दुसरा भाग उघडला. पहिलाच प्रश्न. वाचला. पुन्हा वाचला. काय दिलंय ते कळेना, काय विचारलंय ते कळेना, पर्याय तर कुठल्या तरी दुसऱ्याच प्रश्नाचे वाटत होते. शेजारच्या खुर्चीतला मुलगा कपाळाला हात लावून बसला होता. मला मात्र इतकं बरं वाटलं, की त्या प्रश्नावर खूण करून मी गालातल्या गालात हसत पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तोही काही केल्या कळेना!