व्हय म्हाराजा!

फणसाचा चीक हाताला न लागता गरे काढून देणारं यंत्र तुम्ही बनवलंत? झकास! कोकणात कित्येक पिढ्या हाताला तेल चोळून याचीच वाट बघत बसल्यात. आता ते बाजारात आणायच्या आधी काय करायचं, ते ऐका.

पेटंटचा विचार मनातही आणू नका. आधी प्रोव्हिजनल अर्ज करायचा, मग पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात, आणि एकट्या माणसाला त्या अर्जाची ऑनलाइन फी 1600 रुपये. मे महिन्यात उतरलेल्या चाकरमान्यांना एक वेळ सुरमई खायला घालायची तर याहून जास्त जातात. इतकी स्वस्त गोष्ट कामाची कशी असेल?

त्यापेक्षा देवळात गाऱ्हाणं घाला. अख्खा गाव जमलेला असला पाहिजे. नारळ ठेवून तुम्ही बाजूला हात जोडून उभे राहा, बाकी गावकार बघतील: "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान फणस कापूचा यंत्र केल्यान हा. त्येका तीन पाती आसत रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "मधल्या पात्याक स्प्रिंग आसा, ती दांडो सोडल्यार आपसूक मागे येता रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! वकिलाला लिहायला दोन आठवडे लागले असते असा तपशील पाच मिनिटांत होतो, वर साक्षीदार फुकट. शोध अर्जाआधी जगजाहीर झाला की तो कायद्याने नवा उरत नाही. पण देवापासून काय लपवायचं?

(तुमची वस्तू कोकम सरबत असती तर मी गप्प बसलो असतो. आजीच्या रीतीवर पेटंट मिळतच नाही, पारंपरिक ज्ञान कायद्यानेच वगळलंय. तुमच्याकडे खरोखर काहीतरी नवं आहे, म्हणून ते घालवायला एवढी मेहनत.)

पुढचा मुक्काम वर्कशॉप. पाती करायला देताना गुप्ततेच्या कागदावर सही मागू नका. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, जो काही आधार तो मुख्यतः कराराचाच. पण वर्कशॉपवाला मावसभावाचा साडू! त्याच्याकडे सही मागितली तर गणपतीत तोंड कसं दाखवणार? मापं खडूने फरशीवर काढून द्या आणि चहाला जा. फोटो काढून स्टेटसला ठेवायला पोरं आहेतच.

मग तालुक्याच्या आंबा-फणस महोत्सवात स्टॉल घ्या. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली, तर त्यानंतर 12 महिन्यांच्या आत अर्ज करायची सवलत असते. आपल्या मांडवावर राजपत्र नसतं, सरपंचांचा फ्लेक्स असतो. तो मोठा दिसतो. कोणी पाती उलटसुलट करून बघायला लागला, टेप लावायला लागला, तर त्याला खुर्ची द्या. गिऱ्हाईक चौकस असलेलं बरं.

नावाचं तेवढं मात्र गुपित ठेवा. ट्रेडमार्कचा अर्जसुद्धा करू नका, उगाच बाहेर फुटेल. बायकोलाही सांगू नका. खोक्यावर लिंबू-मिरची बांधा.

पुढच्या हंगामात तुमच्याच यंत्राची जुळी भावंडं निम्म्या किमतीत आठवडा बाजारात दिसतील. स्टँडवरच्या टपरीवर "आयडिया माझी होती" म्हणून सांगत बसा, ऐकणारे मिळतील, गजालींना कोकणात तोटा नाही. आणि त्यातलं एक यंत्र विकत घ्याच. त्याची स्प्रिंग तुमच्यापेक्षा बरी असेल.