शाळेला एक तांडेल द्या

४ डिसेंबर २०२३ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. तेव्हापासून मालवणच्या शाळेत माझ्याबरोबर शिकलेल्यांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्याला शांतता माहीत नाही. दोष कुणाचा, नवा पुतळा किती फुटांचा, तो वाऱ्याला टिकेल का. मग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आपला सिंधुदुर्ग आला, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आले, आणि भांडणाची जागा अभिनंदनाने घेतली. मीही त्या रात्री इथे लंडनमध्ये घरात दिवा लावला. ज्या किल्ल्याकडे बघत मी दहावीपर्यंत शिकले, त्याचं नाव बीबीसीवर ऐकताना डोळ्यांत पाणी आलं.

पण त्याच आठवड्यात ग्रुपवर एकाने सहज लिहिलं, की त्याच्या मुलाच्या शाळेने पाण्याजवळच्या सहली कायमच्या बंद केल्या आहेत. खाली आठ-दहा जणांनी अंगठे दाखवले. "बरं झालं." मला ते बरं झालं असं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते एका ओळीत सांगता येणार नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

टेम्स नदीला टेडिंग्टनच्या लॉकपर्यंत, म्हणजे तिथल्या जलद्वारापर्यंत, भरती येते. त्या लॉकच्या खालच्या अंगाला एक सी स्काउट पथक, म्हणजे पाण्यावरचं स्काउटिंग शिकवणारं पथक, आहे आणि आमची बारा वर्षांची मुलगी त्यात आहे. नंबर लागायला दीड वर्ष गेलं. मुलं भरपूर, शिकवायला मोठी माणसं कमी, ही इथल्या सगळ्याच स्काउट पथकांची अडचण. सगळं काम विनावेतन चालतं. पथकाचा प्रमुख दिवसा नळदुरुस्तीची कामं करतो आणि शुक्रवारी संध्याकाळी मुलं त्याला 'स्किपर' म्हणतात. पथकाची जागा म्हणजे लाकडी खोपट, पण तिथे जहाजावरच्यासारखं जमिनीला डेक म्हणायचं आणि स्वयंपाकघराला गॅली. सुरुवातीला एक मूल बोसनची, म्हणजे जहाजावरच्या मुकादमाची, शिट्टी वाजवतं, सगळे ताठ उभे राहतात, झेंडा चढतो. निळी जर्सी, गोल टोपी, टोपीच्या फितीवर 'सी स्काउट्स'.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी तिला काय शिकवलं, तर बोट मुद्दाम पालथी घालायला. अंगावर लाइफ जॅकेट, पाणी गार, काठावर आम्ही आईबाप गप्प उभे. बोट उलटली, तिचं डोकं दिसेनासं झालं, आणि मग ती बोटीच्या बुडाला धरून वर आली. नंतर दोघींनी मिळून ती सुलटी केली. हे जमल्याशिवाय वल्हं हातात मिळत नाही. जॅकेटाचा पट्टा धक्क्यावर पाय ठेवण्याआधी आवळायचा. तो ढिला दिसला तर ते मूल त्या दिवशी काठावर बसतं, मग ते कुणाचंही असो.

त्या रात्री मी आईला फोनवर सगळं सांगितलं. आई म्हणाली, "पोरीक पाण्यात कित्याक धाडतस गो?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या शाळेच्या खिडकीतून किल्ला दिसायचा. भर समुद्रातल्या कुरटे बेटावर तो १६६४ ला बांधायला घेतला, मोरयाच्या धोंड्यावर त्याचं भूमिपूजन झालं, हे पाठ होतं. पण वर्गातल्या नोकरदारांच्या आणि दुकानदारांच्या घरातल्या एकाही मुलीला पोहता येत नव्हतं. किल्ल्यावर जाताना आम्ही होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसायचो. मी पोहायला शिकले ती अडतिसाव्या वर्षी, इथल्या तलावात, फोमचा तुकडा छातीशी धरून. शेजारच्या रांगेत सात वर्षांची मुलं होती. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपेपर्यंत प्रत्येक मुलाला २५ मीटर पोहता यायला हवं असं लिहिलेलं आहे. सगळ्यांना येत नाही, पण लिहिलेलं आहे, आणि म्हणून आईबापांना त्याचा जाब विचारता येतो.

इथल्या लोकांना पाण्याची भीती माहीत नाही असं नाही. ऑगस्ट १९१२ मध्ये लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तीतलं एक स्काउट पथक वॉटर्लू पुलाजवळून जुन्या आरमारी बोटीतून निघालं. टेम्सच्या मुखाशी, शेपी बेटावर लेझडाऊनला त्यांची छावणी व्हायची होती. ४ ऑगस्टला किनारा जवळ आलेला असताना वाऱ्याचा झोत आला आणि बोट उलटली. नऊ मुलं गेली. तेव्हा आरमाराचा मंत्री असलेल्या विन्स्टन चर्चिलने मुलांचे देह आणायला युद्धनौका दिली. दक्षिण लंडनच्या नन्हेड दफनभूमीत त्यांना पुरलं तेव्हा रस्त्यांवर गर्दी मावत नव्हती. सी स्काउटिंगला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पहिली छावणी १९०९ च्या ऑगस्टमध्ये बकलर्स हार्डला भरली होती. ते तिथेच बंद पडलं असतं तर कुणी नवल केलं नसतं. बंद पडलं नाही, आणि आज मुलगी ज्या नियमांना कंटाळते त्यांच्या मागे अशी मरणं आहेत.

नन्हेडला मी मुद्दाम गेले होते. त्या मुलांच्या थडग्यावर स्काउटचा एक ब्राँझचा पुतळा होता. १९६९ मध्ये तो चोरीला गेला. पुढे १९९२ मध्ये नवा साधा स्मारक-दगड बसवला. मधली तेवीस वर्षं तिथे पुतळा नव्हता, आणि त्या सगळ्या वर्षांत टेम्सवर मुलं वल्हवत होती. राजकोटाच्या बातम्या वाचताना मला ती मोकळी जागा सारखी आठवते.

आता आपल्याकडची आठवण. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. ओहोटी ओढते कशी, कुठे उभं राहू नये, हे त्या मुलांना कुणी सांगितलं नसणार. आम्हाला समुद्राकाठी जन्मून कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर समुद्रावर सहली नेऊ नका अशा सूचना शाळांना गेल्या. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. जॅकेटं काहींच्याच अंगावर होती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेट वेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. पुन्हा तोच सूर, की पाण्यापासून पोरं लांब ठेवा. मी त्या आईबापांना दोष देणार नाही. पण पाठ्यपुस्तकातल्या ७२० किलोमीटर किनाऱ्याच्या राज्यात मुलं पाण्यापासून लांब कशी राहतील? सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर जातातच, आणि तेव्हा शिकवणारं कुणी जवळ नसतं.

ग्रुपवर एकाने मला उत्तर दिलं, की हे साहेबाचं खूळ आहे, स्काउटिंग काढणाऱ्या बेडन-पॉवेलच्या साम्राज्यातलं, आम्हाला कशाला शिकवतेस. त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. आपल्याकडे स्काउटिंग आलं तेव्हा ते गोऱ्या मुलांसाठी होतं, आणि हिंदी मुलांसाठी ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांना वेगळी पथकं काढावी लागली. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच संघटना व्हायला ७ नोव्हेंबर १९५० उजाडावा लागला. इथेही २०२० च्या जूनमध्ये पूल नावाच्या गावातल्या धक्क्यावरच्या बेडन-पॉवेलच्या पुतळ्यावरून वाद पेटला, हलवायचं ठरलं, लोक आडवे आले, शेवटी पुतळ्याभोवती फळ्या ठोकल्या. मुलीच्या पथकात तेव्हाच्या मुलांशी यावर सरळ बोललं गेलं होतं. ती पथकात गेली तेव्हा स्किपरने शपथेचे पर्याय आमच्यापुढे ठेवले. तिने ईश्वराऐवजी 'माझा धर्म' असं म्हणायचं निवडलं. जे नागरिक नाहीत त्यांना राजाऐवजी 'मी सध्या राहते त्या देशाशी' कर्तव्याची शपथ घेता येते. शंभर वर्षांत त्या संस्थेने एवढी वाट चालली आहे. साम्राज्य तिच्या जन्मात होतं म्हणून पट्टा आवळायला शिकवणं चुकीचं ठरत नाही.

वारसा हा शब्द तिथे फार वापरत नाहीत, पण तो सगळीकडे असतो. मॉर्टलेकच्या पथकाची 'मिनोटॉर' ही बोट दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावर अडकलेले सैनिक आणायला गेली होती. टायटॅनिकवरून वाचलेले अधिकारी लायटोलर त्याच वेळी आपली 'सनडाउनर' घेऊन गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा आणि अठरा वर्षांचा एक सी स्काउट होता. या गोष्टी मुलं एकमेकांना गाठी मारताना सांगतात. नोव्हेंबरात स्मृतिदिनाच्या संचलनात पथक चालतं. मार्चमध्ये नदीकाठचा कचरा काढतात. टेम्समध्ये सांडपाणी सोडण्यावरून इथे लोक संतापलेले आहेत, आणि त्या रागाला मुलांच्या हातमोज्यांत एक काम मिळतं. डिसेंबरात अनेक गावांतली पथकं ख्रिसमसची कार्डं घरोघर पोचवतात. १९८१ च्या कायद्याने धर्मादाय संस्थांना तेवढ्या दिवसांपुरती ती मुभा दिली. टपालाच्या पैशांतून वल्ही येतात. आमच्या रस्त्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींना मुलगी नावाने ओळखते ती त्या कार्डांमुळे.

मागच्या स्मृतिदिनाआधी तिने विचारलं, "आपले खलाशी कुठे आहेत?" तेव्हा मी तिला मुंबईचं मस्जिद बंदर सांगितलं. तिथल्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. ब्रिटिश जहाजांवर राबणाऱ्यांत रत्नागिरीकडची माणसं होती. तिने ते पथकात सांगितलं आणि स्किपरने ते वहीत लिहून घेतलं. आमच्या ग्रुपवर त्या स्मारकाचं नाव आजवर निघालेलं नाही. मलाही ते इथे आल्यावर कळलं, याची खंत आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त टोचतं ते दुसरंच. वॉलवर्थच्या मुलांचे बाप दर्यावर्दी नव्हते. दर्यावर्द्यांची विद्या शहरी गल्लीतल्या पोरांपर्यंत नेणं हेच सी स्काउटिंगने केलं. आपल्याकडे ती विद्या आजही जिवंत आहे, आणि ती जातीच्या वाडीत अडकून राहिली. गाबित आणि कोळी या मच्छीमारांच्या घरातला दहा वर्षांचा मुलगा समुद्रावरचा खारा वारा कधी फिरून जमिनीवरचा मतलई होतो ते अंगावर ओळखतो. मोठ्या भरतीचं उधाण आणि लहान भरतीचा भांग त्याला तिथीवरून कळतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना वाडीतले लहानथोर एका दोराला हात लावतात आणि वाटा सगळ्यांना मिळतो. मुलीच्या पथकात 'टीमवर्क'चा बिल्ला मिळवायला ज्या खेळांची योजना करावी लागते, ते आमच्या किनाऱ्यावर रोजच्या जेवणासाठी चालतं. पण त्या मुलाला शाळेत त्याचे गुण मिळत नाहीत, उलट गैरहजेरी लागते. आणि आम्ही, ज्यांच्या आजोबांना सिंधुबंदीचे, म्हणजे समुद्र ओलांडायच्या मनाईचे, दाखले पाठ होते, आम्ही आरमारावर भाषणं करत राहिलो. महाराजांचं आरमार ज्यांनी वल्हवलं, त्यांचे वारस आज पर्यटकांना किल्ल्यावर सोडून येतात, आणि ते पर्यटक किल्ल्याच्या भिंतींचे फोटो काढतात.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. एनसीसीची नौदल शाखा आहे. कुलाब्याला सी कॅडेट कोअर आहे. पुण्यात मुळेवर सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा, म्हणजे नौका वल्हवण्याचा सोहळा, १९२८ पासून चालत आली आहे. आणि दत्तू भोकनळ आहेत, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे, बापाबरोबर विहिरी खोदलेले. सैन्यात गेल्यावर त्यांच्या हाती वल्हं आलं आणि ते २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेले. दुष्काळी गावातला माणूस कुणी शिकवलं तर तिथवर जातो. मग मालवण, देवगड, हर्णे, मुरुडच्या शाळांनी काय करायला हवं, तर एक निवृत्त तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य खलाशी, मानधनावर नेमायला हवा. आठवड्यातून एक तास, खाडीच्या शांत पाण्यात, अंगावर जॅकेट. पुतळ्याला लागतो त्याचा किती अंश खर्च यात होईल याचा हिशोब कुणीही करावा.

ग्रुपवरची माझी एक मैत्रीण तिकडे हायस्कुलात शिक्षिका आहे. तिने माझं म्हणणं मुख्याध्यापकांपुढे मांडलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. "काही झालं तर सही कुणाची?" एवढंच विचारलं, आणि तो प्रश्न खरा आहे. मग तिने मला विचारलं, "तुमच्याकडचे नियम लेखी आहेत का गं? असतील तर मराठीत करून दे. त्यांच्या टेबलावर ठेवते."

आहेत. गेल्या शुक्रवारी स्किपरकडून मागून घेतले आणि सध्या रोज रात्री थोडे थोडे मराठीत करतेय. जॅकेटाचा नियम झाला, हवामानाचा झाला, किती मुलांमागे किती मोठे ते झालं. बोट मुद्दाम उलटवण्याच्या सरावाला शब्द मिळेना, म्हणून आईला फोन केला. तिने शेजारच्या तांडेलकाकांना हाक मारली आणि फोन त्यांच्या हातात दिला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "उपडी होडी म्हण," ते म्हणाले. "पण ती सुलटी कशी करूची ता पयलां लिव."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. पाऊण तास झाला तरी आईने फोन मागितला नाही.