सांगाडा सापडेना

शाळेत पालकांना एक यंत्र दाखवत होते, अंगाची हालचाल ओळखून गणित शिकवणारं. बाईंनी "कुणीतरी एक पालक पुढे या" म्हटलं आणि बाकीच्या सगळ्यांनी एकदम मोबाईलमध्ये डोकी घातली. म्हणून मी. पडद्यावर ८ + ५ होतं. हवेतल्या हवेत हात नेऊन बरोबर उत्तराचा फुगा फोडायचा. उत्तर मला येत होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पण यंत्राला मी दिसेचना. 'सांगाडा शोधत आहे' एवढीच पाटी. चारचौघांत एखाद्याचा सांगाडा शोधावा आणि तो सापडू नये! माझ्या पोटाबद्दल घरचेसुद्धा इतकं स्पष्ट बोलत नाहीत.

तेवढ्यात दुसरीतली एक चिमुरडी सूत्रं हाती घेऊन उभी राहिली.

"काका, मागे व्हा."

झालो.

"अजून. अहो, अजून!"

पाठ भिंतीला टेकली.

"आता हात वर. असा नाही. असा तर आमचे आजोबा करतात."

"मग कसा?"

"जोरात. आणि हसू नका, हसलं की ते गोंधळतं."

हसत कोण होतं?

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शर्ट काळा आहे ना, म्हणून. काळं त्याला नीट दिसत नाही."

"मग काढू की काय?"

"नको," ती गंभीरपणे म्हणाली. पहिल्या रांगेतल्या आया मात्र हसल्या. त्यांच्या हसण्याने यंत्र अजिबात गोंधळलं नाही, याची नोंद घ्यावी.

शेवटी सांगाडा सापडला. माझा नव्हे, शेजारच्या खुर्चीचा. पडद्यावर खुर्चीला डोकं फुटलं, हात फुटले, त्यातला एक थरथरत १३वर गेला आणि फुगा फुटला. टाळ्या!

"खुर्चीला जमलं," पोरगी म्हणाली. टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

तशी ही विद्या काही नवी नाही. २०१० साली मायक्रोसॉफ्टने व्हिडिओ गेमसाठी किनेक्ट नावाचा कॅमेरा आणला. अदृश्य अवरक्त (इन्फ्रारेड) ठिपके टाकून अंतर मोजायचं, अंगातले २० सांधे हुडकायचे आणि त्यांचा सांगाडा जुळवायचा. (माझ्या २० सांध्यांपैकी कुरकुर न करता हजेरी देणारे किती, ते विचारू नका.) हौशी शिक्षकांनी तो वर्गात नेला, २०१७मध्ये कंपनीने उत्पादनच थांबवलं. आता साध्या कॅमेऱ्यावरही हे चालतं. आमच्या शाळेतलं यंत्र मात्र त्याच जुन्या अवरक्त जातकुळीतलं. उन्हात त्याला दिसत नाही, म्हणून भर दुपारी पडदे ओढलेले. आणि पूर्ण सांगाडे एका वेळी दोघांचेच कळतात. म्हणजे दोन पोरं उड्या मारणार आणि उरलेला अख्खा वर्ग हाताची घडी घालून ती 'हालचाल' बघणार. मधेच कुणी उठलं की बाई ओरडणार, "खाली बस, सेन्सर बिघडेल!"

कल्पना वाईट नाही हो. संख्यारेषेवर आठपासून पाच उड्या मारलेल्या पोराला बेरीज पायांतून कळते, हे मलाही पटतं. पण ती रेषा खडूने जमिनीवर आखता येते आणि तिच्यावर सगळा वर्ग उड्या मारू शकतो, काळ्या शर्टासकट. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे या यंत्राच्या तासाला वेळ काढायला काय कापलं? मधली सुट्टी!

मी बाईंना विचारलंच.

"अहो, काय करणार," त्या म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत मुलं फार पळतात."